दिवसभर लेकरू असते कुठं?

अंगणवाडीच्या कुठल्याही रजिस्टरात या प्रश्नाला रकाना नाही. वजन, उंची, दंडघेर, घरी न्यायचा आहार (टीएचआर) मिळाला की नाही, लस टोचली की नाही, या सगळ्याला आहेत. केळापूर तालुक्यात मुख्यसेविका म्हणून अंगणवाड्यांचं बीट सांभाळायला लागले आणि कापसाचा पहिला हंगाम पाहिल्यावर गृहभेटीत मी हा प्रश्न विचारू लागले. आता सवयच झाली आहे. आई उंबऱ्यात भेटली की खाण्यापिण्याचं नंतर, आधी हे. दिवसभर लेकरू असते कुठं?

तालुक्याचं नाव केळापूर. पण तहसील, बाजार, एसटी स्टँड सगळं पांढरकवड्याला. केळापूर गाव ओळखलं जातं ते जगदंबेच्या देवळासाठी. नागपूर-हैदराबाद महामार्ग तालुक्यातून जातो, त्याच्यावरून पाटणबोरी ओलांडली की तेलंगण. एका अंगाला टिपेश्वरचं जंगल, बाकी सगळीकडे कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन. गावांपासून जरा बाजूला कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या. कातकरी आणि माडिया गोंडांसारखीच कोलाम ही राज्यातल्या आदिम जमातींत गणली जाते. पोडावर घरात कोलामी बोलतात, बाजारात वऱ्हाडी, आणि सीमेकडच्या म्हाताऱ्या माणसांना तेलुगूही येतं. माझ्या बीटातल्या एका पोडावरची सेविका तिन्ही भाषांत आयांना रागावू शकते. वजनाच्या दिवशी तिचा हा गुण माझ्या सगळ्या प्रशिक्षणांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

दसऱ्याच्या मागंपुढं कापूस फुटतो. सीतादहीचा दहीभात वावरात ठेवून वेचणीला सुरुवात होते आणि मग संक्रांत उलटून जाईपर्यंत बाया कंबरेला ओटी बांधून वावरातच. वेचणीची मजुरी किलोवर असते, आणि लेकरांच्या वाढीशी या किलोचा फार जवळचा संबंध आहे. रोजानं काम असेल तर पाजायला बसलेल्या बाईवर कुणीतरी कुरकुरतं, कुणीतरी तिची बाजू घेतं. किलोवर काम असेल तर कोणी काहीच बोलत नाही. ती बसली तेवढा कापूस कमी, तेवढे पैसे कमी. हिशोब तिचा तीच करते. मग दुपारचं पाजणं लांबतं, हळूहळू सुटतं, आणि सातव्या-आठव्या महिन्यातल्या लेकराच्या हातात बिस्किटाचा पाच रुपयांचा पुडा येतो.

आमच्या कागदांवर हे सगळं 'पूरक आहार अपुरा' एवढ्या तीन शब्दांत मावतं. लेकरू कुठं असतं ते त्यात येत नाही.

अगदी लहान असेल तर आईसोबत वावरात. धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी, शेजारी पाण्याची कॅन, आणि झोळीला अधूनमधून झोका द्यायला एखादं चार-पाच वर्षांचं भावंड. थोडं मोठं झालं की घरी, आजीजवळ, पाळण्यात. आजी नसेल तर मोठ्या बहिणीच्या कडेवर. बहीण म्हणजे तरी केवढी, सात-आठ वर्षांची. तिची स्वतःची कंबर एका बाजूला वाकलेली असते. झोळी, पाळणा, कड. तिन्ही जागा मायेच्या आहेत, तिन्ही सुरक्षित आहेत, आणि तिन्ही जमिनीपासून वर आहेत.

खाली का ठेवत नाहीत, याचं उत्तर मला एका कास्तकाराच्या घरी मिळालं. भाव चढेल या आशेनं माणसं कापूस घरातच भरून ठेवतात. त्या घरातही पुढच्या खोलीत आढ्याला टेकेल एवढा कापूस होता आणि उरलेल्या पट्टीत चूल, खाट आणि पाळणा. कापूस घरात फार दिवस राहिला की अंगाला खाज सुटते, ती वेगळीच. नऊ महिन्यांची मुलगी पाळण्यात बसलेली, कठडा धरून. मी म्हटलं, जरा खाली सोडत जा हिला. आई माझ्याकडं पाहून हसली. "खाली कुठी सोडू मॅडम? आत कापूस हाय, बाहेर इच्चू-काटा हाय. पाळण्यात गुमान राह्यते थे."

तिचं चुकीचं नव्हतं. विंचू आहे, साप आहे, अंगणात कोंबड्यांची घाण आहे, चुलीतले निखारे आहेत. आणि फवारणी आहे. २०१७ च्या हंगामात कापसावर फवारताना झालेल्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. पंप आणि रिकामे डबे पूर्वी कुठंही पडलेले असायचे. सहा महिन्यांनंतरचं लेकरू हाताला लागेल ते तोंडात घालतं, त्या वयात ते तसंच शिकतं, आणि म्हणून कीटकनाशकाचा डबा पडवीत असलेल्या घरात त्याला पाळण्यात ठेवणारी आई शहाणीच म्हटली पाहिजे. २०१८ साली तर पांढरकवडा वनविभागात टी-१ वाघिणीची दहशत होती. शेजारच्या राळेगाव तालुक्यात नोव्हेंबरमध्ये तिला मारलं तोपर्यंत आमच्याकडच्या पोडांवरही बाया उन्हं कलायच्या आत वावरातून परतत. आया लवकर घरी येऊ लागल्या हे लेकरांच्या फायद्याचं, पण दारं लवकर लागत आणि अंगण संपलं. त्या वर्षीची ती देवाणघेवाण कुठल्या तक्त्यात भरायची, हे मला अजून कळलेलं नाही.

जमिनीचा मी इतका आग्रह का धरते ते सांगायला हवं. लेकराचं शरीर वरून खाली ताब्यात येतं. आधी मान, मग पाठ, मग कंबर, शेवटी पाय. पालथं टाकलेलं तान्हं डोकं उचलायची खटपट करतं तेव्हा मानेला आणि खांद्यांना बळ येतं. हातांवर छाती उचलतं, कुशीवर वळतं, एका हातावर भार देऊन दुसऱ्यानं खुळखुळ्याकडं झेपावतं. या साऱ्याला खालून टणक काहीतरी लागतं, ज्याला ढकलता येईल. झोळी ढकलली तर झोळीच वाकते. तिच्यात पाठ गोल होते, हात अंगाशी येतात आणि झोप छान लागते. झोपेसाठी झोळीसारखी जागा नाही, पण जागेपणाचे सात-आठ तास तिच्यात गेले तर लेकरू सराव करणार कधी?

शेणानं सारवलेली जमीन यासाठी उत्तम, हे मी नव्या घरकुलांत गेल्यावर म्हणू लागले. घरकुलाच्या गुळगुळीत फरशीवर उभं राहू पाहणाऱ्या पोराचे पाय सटकतात, त्यातून कुणी हौसेनं मोजे घातलेले असले तर विचारूच नका. सारवलेल्या भुईवर अनवाणी बोटं रुतवून पोरं भराभर सरकतात. घरकुल नको असं माझं म्हणणं नाही. फरशीवर गोधडी टाका आणि मोजे काढा, एवढंच.

बैठकांत आम्हाला विचारतात, मूल केव्हा बसलं पाहिजे, केव्हा चाललं पाहिजे? आयाही विचारतात, पण त्यांच्या प्रश्नामागं बहुतेक वेळा सासू किंवा शेजारीण असते. "तिचं चालाले लागलं, माह्यं अजून नाई." अशा वेळी मला जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाचा मोठा आधार वाटतो. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या मुलांची वाढ त्यांनी मोजली आणि २००६ मध्ये वाढीची मानकं दिली. ब्राझील सोडून बाकी पाच ठिकाणी मुलं कधी काय करू लागतात हेही पाहिलं. आधाराशिवाय बसणं ३.८ महिन्यांपासून ९.२ महिन्यांपर्यंत कधीही. एकट्यानं चालणं ८.२ महिन्यांपासून थेट १७.६ महिन्यांपर्यंत. म्हणजे एक निरोगी मूल नवव्या महिन्यात चालेल आणि दुसरं तितकंच निरोगी मूल सतराव्या महिन्यात. आणि शंभरातली चारेक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी ढुंगणावर सरकतं, कुणी पोटावर, कुणी एकदम उभंच राहतं. हे सांगितलं की आईच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होतो. सासूच्या होत नाही.

त्याच अभ्यासावर आपली वजनाची पत्रकं बेतलेली आहेत; मुलींचं गुलाबी, मुलांचं निळं. वर्षाच्या मुलीचं मधलं वजन ८.९ किलो. ७ किलोच्या खाली ती कमी वजनाची, ६.३ च्या खाली तीव्र कमी वजनाची. पोडावरच्या एका आजीनं हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे माप कोनाच्या लेकरायचं?" मी सांगितलं, भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती, बऱ्या घरची. ती म्हणाली, "मंग दिल्लीच्या लेकरायसंगं आमच्या लेकरायचं माप कायले लावता?"

प्रश्न चोख आहे, आणि त्याचं उत्तरही त्या अभ्यासातच आहे. ओस्लोतलं मूल काय, अक्रातलं काय आणि दिल्लीतलं काय, आईचं दूध, पुरेसं खाणं, स्वच्छ पाणी आणि वेळेवर उपचार मिळाले की पाच वर्षांपर्यंत उंची जवळजवळ सारखीच वाढते. फरक रक्ताचा थोडा, परिस्थितीचा फार. पण पोडावर हे उत्तर मी जपून देते. 'निगा राखली की सगळी लेकरं सारखी वाढतात' या वाक्याचा दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला ऐकू येणारा अर्थ एकच असतो: तू निगा राखली नाहीस. त्या आजीला मी एवढंच म्हटलं की तुमची लेकरंही दिल्लीवाल्यांइतकी वाढू शकतात, म्हणून तेच माप लावते. तिला ते पटलं की नाही माहीत नाही, पण नातवाला तिनं स्वतः काट्याच्या झोळीत ठेवलं.

मापाची गोष्ट निघालीच आहे तर तिच्या कटकटीही सांगते, कारण वरच्या कचेऱ्यांत आकडा पोचतो तेव्हा तो फार नीटनेटका दिसतो. आधी वय. घरी जन्मलेलं लेकरू 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' झालेलं असतं आणि पोळा कोणत्या तारखेला होता ते पंचांगात पाहावं लागतं. वयात महिन्याची चूक झाली तर पिवळ्यातलं मूल हिरव्यात जातं किंवा केशरीत. मग करगोटा, वाळे, काळे मणी, दोन सदरे. थंडीत आया कपडे काढू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं. सगळ्यात अवघड लांबी. दोन वर्षांखालचं मूल निजवून मोजायचं. एकीनं डोकं फळीला टेकवायचं, दुसरीनं गुडघे दाबून पावलं सरळ करायची. मूल जीव खाऊन रडतं, आई बाजूला उभी राहून आमच्याकडं मारक्या नजरेनं बघते, गुडघा जरा वाकलेला राहतो आणि सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर गायब होतं. कागदावर ते मूल खुजं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानानं कृश निघाली. आकडे वाईटच आहेत. पण पोषण ट्रॅकर ॲपवर आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक उंचीमागं एक वाकलेला गुडघा असू शकतो, हे मला माहीत आहे.

आणि काही गोष्टी काट्यावर येतच नाहीत. एका गावात दहा महिन्यांचा मुलगा होता, गोरागोमटा, वजन हिरव्या पट्ट्यात. आजी त्याला मिरवायची. सेविकेनं माझ्या कानाशी लागून सांगितलं, "मॅडम, हा फक्त डावा हात वापरते." मी त्याला काखेत धरून उभं केलं. पाय ताठ झाले आणि कात्रीसारखे एकमेकांवर चढले. उजवी मूठ मिटलेलीच. बसवला तर मागं कलंडला. वर्षाच्या आत मूल एकाच हातानं सगळं करू लागलं तर त्याला डावखुरा म्हणून सोडून द्यायचं नसतं, दुसऱ्या हाताकडं पाहायचं असतं; सेविकेला हे पाठ होतं. बालस्वास्थ्याच्या पथकानं तपासलं, पुढं यवतमाळला पाठवलं. निदान झालं, सेरेब्रल पाल्सी. जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झालेली. पत्रकावर त्याची रेघ सगळा वेळ हिरव्यातच होती.

यवतमाळ इथून ७० किलोमीटरच्या आसपास. व्यायामासाठी पुन्हा पुन्हा बोलावतात, आणि प्रत्येक वारी म्हणजे एसटीचं भाडं अधिक त्या दिवशीचा न वेचलेला कापूस. आई सुरुवातीला नेमानं गेली, मग हंगाम आला. सेविकेनं व्यायाम शिकून घेतले आणि ती संध्याकाळी त्या घरी जाते. तिच्या कामाच्या यादीत हे बसत नाही. आता तो टेकून बसतो आणि उजव्या हातानं पोळीचा तुकडा धरतो.

त्याच्या उलट एका पोडावरची मुलगी. दंडघेर ११.२ सेंटिमीटर. अकरा पॉइंट पाचच्या खाली म्हणजे सॅम, तीव्र कुपोषित. आणि ही बया अकराव्या महिन्यात भिंत धरून घरभर फिरत होती. तिला दिवसभर सांभाळायला आज्जा होता, पायानं अधू, वावरात जात नसे. तो पडवीत बसून दोऱ्या वळायचा आणि ती त्याच्याभोवती भुईवर. ग्राम बाल विकास केंद्रात घेतल्यावर ती वजनानंही सावरली. आज्ज्याला आम्ही पालक मेळाव्यात पुढं बसवलं, तर तो लाजून उठून गेला.

मला खरी काळजी वाटते ती शांत लेकराची. "लय गुनाचं हाय, रडतच नाई," असं आई कौतुकानं सांगते आणि माझे कान टवकारतात. पोट भरत नसेल तर शरीर आधी हालचाल कमी करतं. मूल पडून राहतं, हात पसरत नाही, नवं माणूस पाहून खिदळत नाही की भोकाड पसरत नाही. ते त्रास देत नाही म्हणून आजी त्याला पाळण्यात आणखी थोडा वेळ ठेवते, बहीण खेळायला जाते. हलवलं-खेळवलं नाही म्हणून ते आणखी मागं पडतं. हट्टी, रडवं, सगळं ओढून पाडणारं पोर कमी वजनाचं असलं तरी मला त्याच्याकडून आशा असते. आमच्या जिल्ह्यात सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि युनिसेफ यांच्या मदतीनं 'आरंभ' हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा प्रशिक्षणात कुणीतरी आम्हाला मुलाशी बोला, खेळा, त्याला जमिनीवर सोडा असं सांगितलं. तोवर सगळं किलोग्रॅममध्ये चालायचं. २०२४ मध्ये केंद्राचा 'नवचेतना' आराखडा आला, तो तर शून्य ते तीन वर्षांसाठीच आहे. चांगला आहे. पण तो गृहभेटीवर उभा आहे, आणि वेचणीच्या दिवसांत गृहभेटीला जावं तर घराला कडी.

पांगुळगाडा की वॉकर, यावरही माझं मत आहे. पांढरकवड्याच्या बाजारात रंगीबेरंगी गोल वॉकर मिळतात, मामा हौसेनं आणतो. त्यात मूल मधोमध लटकतं, बोटांच्या टोकांवर रेटा देत फिरतं, स्वतःचा तोल स्वतः सांभाळत नाही, आणि चुलीपर्यंत क्षणात पोचतं. कॅनडानं २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली. गावातल्या सुतारानं केलेला लाकडी पांगुळगाडा मात्र वेगळा. त्याच्या मागं मुलाला आधी स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं, तेव्हा गाडा पुढं जातो. आणि पाय दमले की ते मुकाट खाली बसतं.

शून्य ते तीन वर्षांचं मूल अंगणवाडीत येतं ते वजनापुरतं आणि लसीपुरतं. बसायला येतं ते तिसऱ्या वर्षानंतर. सेविका ही काही दाई नाही, तिच्याकडं रांगती पोरं सोडता येत नाहीत. अंगणवाडीला जोडून पाळणाघराची केंद्राची योजना आहे, माझ्या बीटात ती अजून पोचलेली नाही. रोजगार हमीच्या कायद्यात मात्र एक फार शहाणं कलम आहे. कामावर आलेल्या बायांची सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांतल्याच एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. कापसाचं वावर खाजगी, तिथं हे कलम लागू नाही.

एका पोडावर हे कलम बायांना मी सहज सांगितलं, आणि त्यांनी आपापसांत तसं करून पाहिलं. वावराशेजारच्या गोठ्यात जागा झाडून-सारवून घेतली. एकीनं थांबायचं, बाकीच्यांनी संध्याकाळी मोजणीच्या वेळी आपल्या कापसातून थोडा थोडा तिच्या नावावर टाकायचा. दोन लेकरं त्या गोठ्यातच रांगायला लागली. अडचण आली ती वेगळीच. कापूस जोरात फुटलेला असतो तेव्हा प्रत्येकीनं किलोभर द्यायला कुणाची ना नसते. शेवटच्या वेचणीला वावरातच काही उरत नाही, आणि लेकरं तेवढीच असतात. थांबणारीचं म्हणणं, मला रोजच्यासारखंच पाहिजे, लेकरायनं काय कमी तरास देल्ला का? दुसऱ्या म्हणतात, आमालेच नाई भेटत तर तुले कुठून देऊ. गेल्या वेळी मी गेले तेव्हा हे भांडण रंगात आलं होतं, आणि मधे बसून मलाच निवाडा करायला सांगत होत्या. मी म्हटलं, लेकराच्या डोईमागं ठरवा, कापसावर नको. त्यावर तिघींनी एकदम बोलायला सुरुवात केली, कारण एकीची दोन होती.